दहातलं एक उत्तर

मी कवितेचा माणूस. शिक्षण बी. ए., तेही मराठी घेऊन. तरीसुद्धा दर रविवारी आमच्या मोहल्ल्यातल्या वाचनालयात मी मुलांना संगणकावरचा खेळ शिकवतो. खेळायला नव्हे, लिहायला. मला माझ्या मुलाने शिकवलं. मुलांच्या पुढे एक धडा असलो की माझं भागतं.

भाषेचं नाव पायथन. गिडो व्हान रॉसम या डच गृहस्थांनी ती १९९१ साली जगापुढे आणली. आमचा पहिला धडा दोनच गोष्टींचा. एक व्हेरिएबल, म्हणजे बीजगणितातला 'चल'. मी सांगतो, हा स्वयंपाकघरातला डबा समजा. डब्याला नाव असतं, आतली वस्तू बदलता येते. आमच्या घरी 'साखर' लिहिलेल्या डब्यात चहापत्ती निघते, म्हणून नाव विचार करून द्या. हे नाव देवनागरीतही चालतं. दुसरी गोष्ट इनपुट. संगणक थांबतो, तुम्हाला विचारतो आणि तुमचं उत्तर डब्यात ठेवतो.

खेळ सहा ओळींचा. 'गुपित' नावाच्या डब्यात मी एक ते दहामधला एक आकडा ठेवला. खेळणाऱ्याचा आकडा 'अंदाज'मध्ये. दोन्ही सारखे असतील तर 'शाब्बास', नाहीतर 'चूक'.

आठवीतली एक मुलगी खेळायला बसली. गणिताच्या वहीत लाल फुल्या पाहून पाहून वर्गात हात वर करणंच तिने सोडून दिलं होतं. बाकीची मुलं घरी गेली, मी वर्तमानपत्रं आवरू लागलो. थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली, "चाचा, एकपासून दहापर्यंत सगळे आकडे टाकून झाले. प्रत्येक वेळी चूकच म्हणतो. त्यातला एक तरी बरोबर असायलाच हवा ना? मग चूक माझी कशी?"

मी चष्मा लावून सहा ओळी वाचल्या. चूक माझीच होती. इनपुटमधून आलेलं काहीही पायथनला मजकूर वाटतं. तुम्ही टाकलेला सात हे त्याच्या लेखी अक्षर, आणि गुपितातला सात ही संख्या. आपल्या डोळ्यांना दोन्ही सारखे, त्याला वेगळे. 'इंट' हा शब्द वापरून अक्षराची संख्या करावी लागते. नेमकं तेच मी विसरलो होतो. मी शब्द सांगितला, दुरुस्ती तिने केली. पुन्हा सात टाकला. 'शाब्बास' उमटलं. ती हसली नाही, एक लांब श्वास सोडला फक्त.

पुढच्या रविवारी आम्ही खेळ शंभरपर्यंत वाढवला. आता 'चूक' ऐवजी संगणक 'आणखी मोठा' किंवा 'आणखी लहान' म्हणतो. दर वेळी उरलेल्यांच्या मधला आकडा विचारला, तर जास्तीत जास्त सात अंदाजांत गुपित सापडतं. चुकलेला प्रत्येक अंदाज निम्मे आकडे बाद करतो. हे तिने वहीत मांडून पाहिलं. त्या पानावर लाल फुली नाही.

परवा तिने वाचनालयाच्या फलकावरची माझी कविता वाचली. म्हणाली, "चाचा, दुसऱ्या ओळीत ऱ्हस्व-दीर्घ चुकलंय."

मी चष्मा लावून पाहिलं. तीही चूक माझीच होती.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)