हातातला फोन आणि मुलांचे मन
(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)





फोनला शिव्याशाप देण्यासाठी मी येथे उभा नाही. आखातात नोकरी करणाऱ्या बापाला आपल्या लेकरांचे तोंड रोज दिसते ते याच फोनमुळे. २०२० साली टाळेबंदीत शाळा बंद पडल्या, तेव्हा ज्या घरात असा फोन होता तेथे मुलांचा अभ्यास थोडाफार तरी चालू राहिला. तेव्हा फोन घरात राहणारच आहे. पण त्यावरील फेसबुक, इन्स्टाग्रामसारखी समाजमाध्यमे आपल्या मुलांच्या मनावर काय परिणाम करीत आहेत, याचा विचार पालक म्हणून आपण केलाच पाहिजे.

या बाबतीत एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. फेसबुक २००४ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात सुरू झाले. ते एकदम सर्वत्र गेले नाही. पुढील दोन-अडीच वर्षांत एकेका कॉलेजात टप्प्याटप्प्याने पोहोचले. त्यामुळे जेथे ते पोहोचले आणि जेथे अद्याप पोहोचले नव्हते, अशा कॉलेजांतील विद्यार्थ्यांची तुलना करणे शक्य झाले. तीन अर्थशास्त्रज्ञांनी ती करून आपले निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध केले. फेसबुक आल्यानंतर विद्यार्थ्यांत नैराश्याची लक्षणे वाढलेली आढळली. मन ठीक नसल्यामुळे अभ्यासाचे नुकसान झाले, असे सांगणारेही वाढले. विद्यार्थी स्वतःची तुलना इतरांशी अधिक करू लागले, हे याचे मुख्य कारण असावे, असे त्यांचे मत पडले.

सर्व विद्वानांचे यावर एकमत नाही, हेही सांगितले पाहिजे. परिणाम अल्प आहे असे काहींचे म्हणणे आहे. आधीच दुःखी असलेले मूल फोनकडे अधिक वळते, असेही काही म्हणतात. परंतु तुलनेचे दुःख आपल्याला अपरिचित नाही. दुसऱ्याचे बरे झालेले पाहून जळणे, म्हणजे हसद, यापासून दूर राहण्याची शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळाली आहे. पूर्वी ही तुलना मोहल्ल्यातील चार घरांशी होई. ईदच्या दिवशी दुसऱ्याचे कपडे पाहून वाटलेले वाईट रात्रीपर्यंत विसरले जाई. आता ती अनोळखी माणसांशीही होते, आणि मध्यरात्री अंथरुणातही थांबत नाही.

दहावीच्या निकालाचा दिवस आठवा. नव्वद टक्के मिळविणाऱ्याची गुणपत्रिका पन्नास ठिकाणी झळकते. ज्या घरात आजवर कोणीही दहावी झाले नव्हते, त्या घरातली मुलगी साठ टक्के मिळवून पास होते. तिने खरे तर पेढे वाटायचे, पण ती फोन पाहत कोपऱ्यात बसते. आणि पालकहो, त्या गुणपत्रिका व्हॉट्सअॅपवर टाकणारे बहुधा आपणच असतो.

विद्यार्थी मित्रांनो, वर्तमानपत्राचे शेवटचे पान वाचून झाले की ते खाली ठेवता येते. इन्स्टाग्रामला शेवटचे पानच नाही. तुम्ही थांबू नये अशीच त्याची रचना आहे. तेरा ते अठरा वर्षे वयात रोज आठ ते दहा तास झोप हवी, असे तज्ज्ञ सांगतात. अपुऱ्या झोपेने चिडचिड वाढते, धडा लक्षात राहत नाही आणि लहानसा अपमानही डोंगराएवढा वाटतो.

आता पालकांना एक कळकळीची विनंती आहे. मुलीला फोनवर कोणी त्रास दिला, तिच्या फोटोवर घाणेरडे लिहिले किंवा धमकावले, की आपण प्रथम काय करतो? पुष्कळ घरांत फोन काढून घेतला जातो आणि पाठोपाठ कॉलेजही बंद होते. भावाचा फोन मात्र त्याच्याच हातात राहतो. म्हणजे गुन्हा दुसऱ्याचा आणि शिक्षा आपल्या लेकीला! हे एका मुलीच्या बाबतीत घडले की दहा मुली तोंड मिटून बसतात. आतल्या आत झुरतात, पण घरी सांगत नाहीत. फोनपेक्षाही या मुकेपणाची मला अधिक भीती वाटते. मुलींना शाळा-कॉलेजपर्यंत आणण्यासाठी समाजाने इतके कष्ट घेतले, ते असे वाया जाऊ देऊ नका.

म्हणून घरी गेल्यावर मुलामुलींना एकत्र बसवून स्पष्ट शब्द द्या: "काहीही झाले तरी आम्हाला सांगा, सांगितल्याबद्दल कोणाचे शिक्षण थांबणार नाही." रात्री सर्वांचे फोन झोपण्याच्या खोलीबाहेर ठेवा, सर्वांचे म्हणजे वडिलांचाही आणि आईचाही. जेवताना फोन बाजूला असू द्या. नियम मुलाला आणि मुलीला एकच ठेवा.

मूल आठवडेच्या आठवडे गप्प राहू लागले, जेवेनासे झाले, जीव नकोसा झाल्याचे बोलू लागले, तर "नमाज पढ, बरे वाटेल" एवढे सांगून थांबू नका. दुआ करा आणि डॉक्टरकडेही न्या. मन आजारी पडणे म्हणजे ईमान कमजोर होणे नव्हे. भारत सरकारची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा किंवा रात्री केव्हाही, विनामूल्य व मराठीतही बोलता येते. हा क्रमांक घराच्या भिंतीवर, सर्वांना दिसेल असा लिहून ठेवा.

अल्लाह आपल्या मुलांना इल्म देवो, सुकून देवो, आणि त्यांचे बोलणे ऐकून घेण्याचा धीर आपणा पालकांना देवो. आमीन.