युनिफॉर्मच्या मापांची वही

कारखान्यांतून आलेले डॉक्टर, परिचारिका, सेफ्टी ऑफिसर, युनियनचे पदाधिकारी आणि आज मुद्दाम बोलावलेले कॅन्टीनचे ठेकेदार,

कामगार आरोग्य परिषदेच्या स्वागत समितीतर्फे आपणा सर्वांचं भोसरीत मनापासून स्वागत. ठेकेदारांचं जरा जास्तच. डॉक्टरांपुढे कामगार वर्षातून एकदा बसतो, तुमच्या खिडकीपुढे मात्र रोज ताट घेऊन उभा राहतो.

पाहुण्यांना गाव दाखवणं हे स्वागताध्यक्षाचं काम. भोसरीत दाखवायला शेड आहेत, आणि त्यांच्यामधून धावणारे टेम्पो. शेजारच्या पिंपरीत मात्र 1954 साली स्थापन झालेला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आहे. जंतूंना मारणारं पेनिसिलिन तिथं तयार झालं. आज आमच्या शेडमध्ये जो आजार शिरलाय, त्याला जंतूच नाही.

मी डॉक्टर नाही. साठ माणसांचं मशीन शॉप चालवतो. हा आजार मला स्टोअरच्या वहीत सापडला. दर दिवाळीआधी आम्ही युनिफॉर्म शिवायला टाकतो. शिंपी मापं घेतो, स्टोअरकीपर लिहून ठेवतो. तीन वर्षांपूर्वी शिंप्यानं दर वाढवून मागितला. म्हणाला, ‘शेठ, कापड जास्त लागतंय.’ घासाघीस करायची म्हणून मी जुन्या वह्या काढल्या. आमचा एक सेटर कामाला लागला तेव्हा कंबर तीस, आता अडतीस. खांदे तेवढेच. खाली बोट सरकवत गेलो तर पानभर तीच गत. शेवटची ओळ माझी होती : चौतीस, छत्तीस, चाळीस. शिंप्याला दर वाढवून दिला आणि त्याच आठवड्यात रक्त तपासायला गेलो. तेव्हापासून खिशात पेनाशेजारी मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनची पट्टी असते.

पुढे एका डॉक्टर मित्राकडून कळलं की ही वही आपल्याआधी लंडनमध्ये उघडली गेली होती. जेरी मॉरिस यांनी 1953 साली तिथल्या बसवाल्यांचा अभ्यास मांडला. दिवसभर बसणाऱ्या ड्रायव्हरला हृदयविकार जास्त, दुमजली बसचे जिने चढणाऱ्या कंडक्टरला कमी. 1956 साली त्यांनी युनिफॉर्मची मापं तपासली, तर ड्रायव्हरच्या पँटी कमरेला मोठ्या निघाल्या. बसून कंबर वाढली, की मुळात जाड माणसंच ड्रायव्हर झाली, हा वादही त्यातूनच निघाला. आमच्याकडे वादाला जागा कमी. हीच माणसं पूर्वी लेथचं हँडल फिरवत, जॉब उचलत. आता सीएनसी मशीनचं दार लावून बटण दाबतात आणि स्टुलावर बसतात. भूक जुन्या कामाची राहिली, काम नवं आलं.

त्यात आपला देह फसवा. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा बीएमआय एकच, 22.3. पण चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. म्हणून नुसत्या वजनकाट्यावर भरवसा नको. पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या आणि बाईची 80 च्या पुढे गेली की सावध व्हायचं. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात 10.1 कोटी मधुमेही आहेत आणि 13.6 कोटी उंबरठ्यावर उभे आहेत.

आता ताटाकडे येऊ. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली गिरणी कामगारांसाठी ज्या मागण्या केल्या, त्यांत रविवारच्या सुट्टीबरोबर दुपारची अर्ध्या तासाची सुट्टीही होती. ती पदरात पडली. त्या अर्ध्या तासात ताटात काय पडतं, हे मात्र आपण सगळ्यांत कमी दराच्या टेंडरवर सोडलं. दर तेवढाच ठेवला की उसळ पातळ होते, भात वाढतो, तेल सुटतं. ठेकेदाराला शिव्या देऊ नका. टेंडरवर सही आपली असते.

माझ्याकडे टेंडर नव्हतं, पण ओव्हरटाइमला थांबणाऱ्याला दोन वडापाव आणि गोड चहा ही वडिलांपासूनची रीत होती. मी ती मोडून भिजवलेले चणे सुरू केले. चौथ्या दिवसापासून वडापाव कुंपणावरून आत येऊ लागले! एक जुना ऑपरेटर म्हणाला, ‘साहेब, बारा तास काम करायचं तर पोटात गरम काहीतरी पाहिजे.’ त्याचं बरोबर होतं. आता मटकीची गरम उसळ आणि ज्वारीची भाकरी असते. वडापाव शनिवारी. ओव्हरटाइम कमी केला असता तर जास्त बरं झालं असतं, पण डिलिव्हरीच्या तारखेपुढे अजून मी हरतो.

मोठे बदल जमत नाहीत, म्हणूनच चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांचा प्रयोग मला आवडतो. मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे 537 नोकरदार पुरुष, सरकारी आणि खासगी आस्थापनांतले. सल्ला सगळ्यांना दिला. निम्म्यांना मोबाइलवर आहार-व्यायामाचे छोटे संदेशही पाठवत राहिले. दोन वर्षांत संदेशवाल्यांपैकी 18 टक्क्यांना मधुमेह झाला, बाकीच्यांपैकी 27 टक्क्यांना. एवढा खर्च माझ्यासारख्या लहान धंदेवाल्यालाही झेपतो.

एक गोष्ट मात्र संदेशानं सुटत नाही. आमच्याकडे पहिली तपासणी ठेवली, त्या दिवशी तिघे रजेवर गेले. तिघेही कंत्राटी. शुगर निघाली तर गेटपास जाईल, ही भीती. पुढच्या वर्षीपासून रिपोर्ट बंद पाकिटात ज्याच्या त्याच्या हातात जातो, मला फक्त एकूण आकडा कळतो. तरीही तिघांपैकी एकजण अजून आलेला नाही. त्याला कसं आणायचं, हे आज तुम्हाला विचारायचं आहे.

व्यवस्थेबद्दल दोन शब्द. जेवण साडेबाराला, भाकरी कमी पडणार नाही. चहा बिनसाखरेचा आहे, साखरेचा डबा मुद्दाम दहा पावलं लांब ठेवलाय. नोंदणीच्या टेबलावर शिंप्याची टेप आणि एक कोरी वही आहे. नाव घालायची गरज नाही, फक्त कंबर लिहा. पहिला आकडा माझा आहे, अडतीस.