कचेरीतले शहाणपण आणि शेतातले मोजमाप
(मंठा येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



सरकारी नोकराने नोकरीत असताना पदव्युत्तर शिक्षण घ्यावे काय, असा प्रश्न निघाला की आपल्या कार्यकर्त्यांच्या चेहऱ्यावर एक ठरावीक स्मित उमटते. बढतीसाठी पदवी, पदवीसाठी रजा आणि रजेत पगार, असा त्याचा अर्थ. हा संशय सर्वस्वी निराधार आहे असे मी म्हणणार नाही. परंतु ज्यांना शासनाचे धोरण बदलायचे आहे, त्यांनी धोरण कोण लिहितो आणि कोणत्या आकड्यांवर लिहितो, या प्रश्नाकडे पाठ फिरवून चालणार नाही.

या तालुक्यातील सोयाबीनचेच घ्या. २०१६ साली आलेल्या पीकविमा योजनेत भरपाई ठरते ती मुख्यतः महसूल मंडळातील सरासरी उत्पन्नावरून, आणि ती सरासरी बऱ्याच अंशी निघते मोजक्या शेतांतील पीक कापणी प्रयोगांवरून. समजा, उंबरठा उत्पन्न हेक्टरी १० क्विंटल आहे आणि मंडळात प्रत्यक्षात ७ क्विंटलच पिकले. तूट ३० टक्के. विमा संरक्षित रक्कम ५०,००० रुपये धरली तर हेक्टरी १५,००० रुपये शेतकऱ्याला मिळावयास हवेत. आता कर्मचाऱ्याने चिठ्ठीने निघालेले आडवळणाचे शेत टाळून रस्त्याकडेचे, विहिरीजवळचे शेत मोजले आणि सरासरी ८ वर गेली, तर तेच १०,००० होतात. कोणी लाच घेतली नाही, कोणी खोटी सही केली नाही. केवळ चिखल तुडवण्याचा कंटाळा केला, आणि मंडळातील प्रत्येक विमाधारकाचे हेक्टरी ५,००० रुपये गेले!

शेत चिठ्ठीनेच का निवडायचे, हे त्या कर्मचाऱ्याला कोणी शिकवलेले नसते. त्याच्या हाती परिपत्रक असते. त्यामागचे शास्त्र मात्र ज्यांनी उभे केले त्यांत सातारा जिल्ह्यातील बुध गावचे डॉ. पां. वा. सुखात्मे अग्रभागी होते. १९४० च्या दशकात त्यांनी आणि डॉ. वि. गो. पानसे यांनी नमुना पद्धतीने पीक कापणीचे प्रयोग या देशात रुजवले. म्हणजे विद्या आपल्याच माणसांची. ती बांधापर्यंत पोचली नाही. तलाठ्याला २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. पदनाम लांबले, प्रशिक्षण होते तिथेच राहिले.

वरच्या पायरीवर काय घडू शकते याचे उदाहरण म्हणजे डॉ. माधव गोडबोले. सनदी सेवेत असताना त्यांनी अमेरिकेतील विल्यम्स कॉलेजात विकासाच्या अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली. विकसनशील देशांतील अधिकाऱ्यांसाठीच तिथे १९६० पासून केंद्र चालते. मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेटही त्यांनी मिळवली. २००१ साली एन्रॉनच्या वीज कराराची तपासणी करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तेव्हा तो करार राज्याला किती महागात पडत आहे हे त्या समितीने आकड्यांनिशी मांडले. रस्त्यावर आपण जे घोषणांत सांगत होतो, त्याला हिशेबाचा आधार मिळाला. (तोच हिशेब करारावर सही होण्याआधी झाला असता तर, हा प्रश्न उरतोच.)

पण नुसती पदवी पुरत नाही. १९१३ साली बडोदे संस्थानने डॉ. आंबेडकरांना दहा वर्षे नोकरीची अट घालून कोलंबिया विद्यापीठात पाठवले. १९१७ साली ते बडोद्यास रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहावयास घर मिळाले नाही. राज्याने विद्येवर पैसा खर्च केला आणि समाजाने ती विद्या हाकलून दिली. आजचे हाकलणे अधिक सभ्य असते. जलसिंचनाच्या अर्थकारणावर प्रबंध लिहून आलेल्या अधिकाऱ्याची बदली क्रीडा खात्यात होते आणि सिंचनाचा अहवाल लिहिण्याचे काम एखाद्या खासगी सल्लागार कंपनीला दिले जाते. ज्या रोजगार हमीचा प्रयोग वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यात केला आणि जिचा कायदा १९७९ च्या प्रजासत्ताकदिनी अमलात आला, ती कोणा सल्लागाराने लिहून दिलेली नव्हती.

राज्याच्या १९८१ च्या रजा नियमांत अध्ययन रजेची तरतूद आहे. अभ्यास कामाशी निगडित असावा ही अट त्यात आहे, आणि ती रास्त आहे. आपली मागणी पुढची असली पाहिजे. ही रजा मंत्रालयाच्या मजल्यांवर अडकू नये. ज्याने मस्टर भरले आहे, मुरूम आणि खडक यांच्या दरांतला फरक ज्याने मजुरांच्या तोंडावर वाचून दाखवला आहे, त्याला ती आधी मिळावी. संख्याशास्त्राचे चार धडे अशा माणसाला जितके उमगतील तितके माझ्या वर्गातल्या हुशार मुलांनाही उमगत नसत. परतल्यावर निदान तीन वर्षे त्याला त्याच विषयाच्या कामावर ठेवावे. आणि प्रबंधात त्याने शासनाच्या धोरणाचे दोष दाखवले तर १९७९ च्या वर्तणूक नियमांचा बडगा त्याच्यावर उगारू नये. टीका करण्याची मुभा नसलेला अभ्यास हा अभ्यास नव्हे, ती टिप्पणी होय. प्रबंधाची एक प्रत तालुक्याच्या वाचनालयातही यावी. मंठ्याच्या शेतीवर कोणी काय लिहिले हे मंठ्यात वाचावयास मिळू नये, हे विचित्र आहे.

कर्मचारी संघटनांत आपले बरेच साथी आहेत. वेतन आणि महागाई भत्त्याच्या मागण्यांच्या यादीत त्यांनी ही मागणीही घालावी. आणि बाकीच्यांनी येत्या खरिपात, ज्या दिवशी आपल्या मंडळात पीक कापणी होईल त्या दिवशी, चिठ्ठीत कोणता गट क्रमांक निघाला हे विचारून त्या शेताच्या बांधावर जाऊन उभे राहावे.