हिशेबाची वही बाईकडे द्या



कर्जत-खालापूरच्या या साहित्य संमेलनात तुम्ही मला अध्यक्ष केलंत, त्याबद्दल आभार मानते आणि लगेच भांडायला उभी राहते. अध्यक्षपद एका दिवसाचं असतं. सकाळी ग्रंथदिंडी, दुपारी भाषण, संध्याकाळी शाल-श्रीफळ, आणि उद्यापासून कारभार पुन्हा कार्यकारिणीकडे. निमंत्रणपत्रिकेवर छापलेली त्या कार्यकारिणीची नावं मी वाचली. पंधरा जण आहेत, त्यांत बाई एक. तिच्याकडे काम दिलंय स्वागत आणि रांगोळीचं. सचिव पुरुष, खजिनदार पुरुष, कार्यक्रम ठरवणारी उपसमिती सगळी पुरुषांची. ही माणसं वाईट नाहीत. पदरमोड करून संमेलन चालवणारी आहेत, आणि म्हणूनच त्यांच्या पाठीमागे न बोलता त्यांच्या तोंडावर बोलते: तुम्ही चुकताय, आणि दरवर्षी तेच चुकताय.

बाई अध्यक्ष झाली की प्रश्न मिटला, ही समजूत मोठ्या, अखिल भारतीय साहित्य संमेलनाने आपल्याला लावून दिली आहे. तिथला हिशेब ऐका. १८७८ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात ग्रंथकारांचं पहिलं संमेलन भरलं. त्या खुर्चीत बाई बसायला १९६१ साल उजाडावं लागलं, ग्वाल्हेरला, कुसुमावती देशपांडे. मध्ये त्र्याऐंशी वर्षं गेली. मग १९७५ ला कऱ्हाडला दुर्गाबाई भागवत, १९९६ ला आळंदीला शान्ता शेळके, २००१ ला इंदूरला विजया राजाध्यक्ष, २०१९ ला यवतमाळला अरुणा ढेरे आणि २०२५ ला दिल्लीत ताराबाई भवाळकर. दिल्लीचं संमेलन अठ्ठ्याण्णवावं होतं. अठ्ठ्याण्णवांत सहा.

आणि त्या सहांतल्या एकीने खुर्चीचं काय केलं तेही आठवा. कऱ्हाडचं संमेलन भरलं तेव्हा देशात आणीबाणी होती. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण होते. त्यांच्या समोर दुर्गाबाईंनी तुरुंगवासात आजारी पडलेल्या जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली. पुढे त्या स्वतः तुरुंगात गेल्या. बाईला मान दिला की ती गप्प बसेल, असं ज्यांना वाटतं त्यांनी दुर्गाबाई वाचाव्यात.

आता शेजारी ग्रामपंचायतीत बघा. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. कडाव असो, कशेळे असो, चौक असो, आमच्या बाया तिथे बसतात, ठराव वाचतात, सह्या करतात, गटार आणि पाण्याच्या टाकीवरून भांडतात. काही ठिकाणी नवराच कारभार करतो, हे मला माहीत आहे. पण दहा ठिकाणी बाई स्वतः करते हेही मला माहीत आहे. कायदा आहे तिथे निम्म्या, आणि कायदा नाही तिथे, म्हणजे आपल्या संमेलनात, नाट्यमंडळात, उत्सव समितीत, ग्रंथालयाच्या कार्यकारिणीत, एक. कायद्याने ढकलल्याशिवाय जो समाज जागा देत नाही, त्याने स्वतःला सुसंस्कृत म्हणवून घ्यायच्या आधी थांबावं.

मला सांगितलं जातं, ‘ताई, बाया पुढेच येत नाहीत.’ हे मी पंचायतीत ऐकलं, शाळेच्या समितीत ऐकलं, आता इथे ऐकते. ज्यांनी हे म्हटलं त्यांना मी धवलारणीच्या दारात नेते.

रायगडातल्या आगरी-कोळी घरांत लग्न म्हटलं की धवलारीण आली. हळदीपासून मांडवापर्यंत एकेक विधी ती गात गात पुढे नेते. देवांना लग्नाचं आवतण देते. कोणी बसायचं, कोणी उठायचं, कशानंतर काय, हे ती सांगते आणि घरातला सगळ्यात मोठा बाप्याही तिचं ऐकतो. शेकडो ओळी तिला तोंडपाठ. पुस्तक नाही, वही नाही. थोरल्या धवलारणीच्या मागे बसून, सूर धरून शिकलेली. तीच कवयित्री, तीच गायिका, तीच पुरोहित. अशी बाई ज्या मातीत आहे त्या मातीत ‘बाया पुढे येत नाहीत’ म्हणणाऱ्याने डोळे मिटून घेतलेत, एवढंच मी म्हणेन.

आणि हे काही कोपऱ्यातलं, अडाणी, मागासलेलं नाही. मराठीची पहिली ज्ञात कवयित्री महदंबा. तेराव्या शतकातली, महानुभाव पंथातली. तिने रचलं काय? धवळे. लग्नात गायची गाणी. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण इथे फटाके वाजवले, फलक लावले. त्या फलकांवर ज्ञानेश्वर होते, तुकाराम होते. असायलाच हवेत. महदंबा एकाही फलकावर मी पाहिली नाही. आणि तिच्या गाण्याचा प्रकार आजही तोंडपाठ असलेली म्हातारी त्या फलकाखालून बाजाराला जात होती.

मी साधं विचारते. हळदीच्या रात्रीसाठी डीजेवाल्याशी आधी बोलणी होतात, भाव ठरतो, त्याला इसार दिला जातो. धवलारणीशी कोण बोलणी करतं? तिला लुगडं, नारळ आणि कोणाच्या तरी मनाला येईल ती नोट. डीजेचा आवाज सुरू झाला की तिचं गाणं तिच्या शेजारी बसलेल्या पोरीलाही ऐकू जात नाही. मग ती पोर शिकणार कुठून? नंतर आपणच परिसंवाद घेतो, ‘लोककला का लोप पावत आहेत?’ त्या परिसंवादातले चारही वक्ते पुरुष प्राध्यापक असतात.

पैसा आणि नाव आलं की बाईची कला बाप्याच्या नावावर कशी चढते, हे आपल्या उत्तरेला डहाणू-तलासरीत घडलेलं आहे. वारली लग्नाचा चौक भिंतीवर लिहिणाऱ्या सवाशिणी होत्या, तिथली धवलारीण, म्हणजे धवलेरी, गात असे. भिंत बायकांची होती. १९७० च्या दशकात कागद आला, रंग आला, शहरातली प्रदर्शनं आली. जिव्या सोमा म्हसे फार मोठे चित्रकार झाले, २०११ ला त्यांना पद्मश्री मिळाली, आणि ती त्यांनी हाताच्या जोरावर मिळवली. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. माझा प्रश्न आपल्या सगळ्यांना आहे. पिढ्यान्‌पिढ्या त्या भिंती लिहिणाऱ्या बायांतल्या एकीचं तरी नाव तुम्हाला सांगता येईल का? मला येत नाही. कोणी लिहूनच ठेवलं नाही.

तमाशातल्या विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट सत्काराच्या भाषणांत हटकून सांगितली जाते. फड रंगलेला, विठाबाईंना कळा सुरू झाल्या, आडोशाला जाऊन बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या. सभागृह टाळ्या वाजवतं. मला त्या टाळ्यांचा राग येतो. विठाबाईंची ताकद अफाट होती, पण त्या रात्री फड थांबवायची सोय का नव्हती, हे कोणी विचारत नाही. बाळंतिणीला दोन तास न देणारी कलेची व्यवस्था आणि तिच्या सोसण्याचं कौतुक करणारे आपण, दोघं एकाच बाजूला उभे आहोत. यापुढे या मंचावरून ही गोष्ट सांगायची असेल तर तो प्रश्न विचारूनच सांगा.

आणि बायकांनी सूत्रं हातात घेतली तर काय होतं, त्याचाही दाखला महाराष्ट्रात आहे. १९७५ साली मुंबईत स्त्रीमुक्ती संघटना उभी राहिली. १९८३ साली तिच्यातल्या ज्योती म्हापसेकर यांनी ‘मुलगी झाली हो’ हे नाटक लिहिलं. ज्योतीताई ग्रंथपाल होत्या, नाटकातल्या मोठ्या कंपनीच्या कोणी नव्हत्या. नाटकात काम करणाऱ्या त्या संघटनेच्याच बाया. नोकरी, घर, पोरं सांभाळून तालीम करणाऱ्या. गाणी, सोंगं, चार-दोन वस्तू, आणि जिथे माणसं जमतील तिथे प्रयोग: वस्तीत, चौकात, गावात. ते नाटक वर्षानुवर्षं चाललं, दुसऱ्या भाषांत गेलं. माझं म्हणणं नीट ऐका. ते नाटक टिकलं ते केवळ विषयामुळे नव्हे. हुंड्यावर, मुलीच्या जन्मावर नाटकं त्याआधीही झाली होती. हे टिकलं कारण संघटना त्यांची होती, संहिता त्यांची होती, प्रयोग कुठे करायचा आणि त्यानंतर लोकांशी काय बोलायचं हे त्या ठरवत होत्या. कोणी बोलावण्याची वाट बघत त्या बसल्या नाहीत. त्याच संघटनेने पुढे कचरा वेचणाऱ्या बायांचं काम हाती घेतलं. नाटक आणि वस्तीतलं काम यांत त्यांनी भिंत घातली नाही. कलेतून समाज बांधतात तो असा.

आपल्याकडे ८ मार्चला काय होतं? पुढारी मंडप घालतात, पैठणीचा खेळ ठेवतात. फुगे फोडा, उखाणे घ्या, साडी न्या. त्या मंडपात जमणाऱ्या बायांना हसायचा, खेळायचा पूर्ण हक्क आहे, त्यांना मी नावं ठेवत नाही. पण पाचशे बाया एका ठिकाणी आल्या असताना त्यांना उखाण्यापलीकडे एक शब्द बोलू न देणाऱ्या संयोजकाला मी नावं ठेवते. त्यांच्यातली एक तरी कविता लिहिते, एक तरी भजनी मंडळ चालवते, आणि बहुतेक जणी बचत गटात आहेत. बचत गटाची वही ज्या बाईने वर्षानुवर्षं पैशाचीही चूक न करता ठेवली, तिला संमेलनाचे चार लाख सांभाळता येणार नाहीत, असं मला कोणी सांगू नये.

पुढे न येण्याची कारणं खरीच शोधायची असतील तर ती बायांच्या मनात शोधू नका, आपल्या सोयीत शोधा. कविसंमेलन आपण रात्री नऊला सुरू करतो. खांडसची बाई त्यानंतर घरी कशी जाणार? मंडपाच्या मागे बायकांसाठी धड संडास नसतो. तालमीला जागा मिळते ती मंडळाच्या खोलीत, जिथे संध्याकाळी पत्ते चालतात. लेकुरवाळी कवयित्री पोर कुठे ठेवणार? हे प्रश्न साहित्याबाहेरचे आहेत असं ज्यांना वाटतं त्यांच्या घरी पोर दुसरं कोणीतरी सांभाळत असतं.

सोयीनंतर मोबदला आणि सुरक्षितता. आपल्या भागात चित्रीकरणं होतात, चौकजवळ २००५ पासून मोठा स्टुडिओ उभा आहे. शेतघरांवर, रिसॉर्टवर शनिवारी ठाकर-कातकरी बायांचा नाच पाहुण्यांपुढे ठेवला जातो. तिथे ठरलेली रक्कम मध्यस्थाच्या हातात पडते आणि नाचणाऱ्या बाईला किती मिळाली हे तिलाच विचारावं लागतं. २०१३ चा कायदा सांगतो की दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती हवी, आणि जिथे ती नाही तिथल्या बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. नाचणारी, गाणारी बाईसुद्धा कामावर असते. हे तिला कोण सांगणार? संमेलनात आपण छंदावर बोलतो, मुक्तछंदावर बोलतो. एक तास यावरही बोलू.

१९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी दरडीखाली गेली. खालापुरातल्या कोणालाही ती रात्र विसरता येणार नाही. नंतर सरकारी याद्या झाल्या, माणसांच्या, घरांच्या, गुरांच्या. झाल्या पाहिजेतच. गाण्याला त्या यादीत रकाना नसतो. डोंगरावरच्या आणखी किती वाड्या अशाच कड्याखाली आहेत, आणि त्यांतल्या म्हाताऱ्यांच्या गळ्यात काय आहे, हे नोंदवायचं काम या संमेलनाचं आहे. ते बाहेरून येणाऱ्या संशोधकावर सोडू नका. वाडीतल्या शिकलेल्या पोरींना त्यासाठी मानधन द्या, आणि जे ध्वनिमुद्रण होईल त्यावर गाणाऱ्या बाईचं नाव पहिलं घाला.

कर्जत तालुका स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवालांचा आहे. त्यांनी शेतकऱ्यांसाठी धान्याची पेढी काढली, सावकाराच्या दारातून माणसं बाहेर काढली, आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर जीव दिला. त्यांच्या पुतळ्याला हार घालून आपण आजचं संमेलन सुरू केलं. त्यांच्या तालुक्यात संमेलनासारख्या सामायिक कारभारावर निम्म्या समाजाचा हात नसावा, हे मला सहन होत नाही.

म्हणून मी आज भाषणाबरोबर ठराव आणला आहे. पुढच्या वर्षीच्या कार्यकारिणीत निम्म्या बाया असाव्यात आणि खजिनदार बाई असावी. मंचावर येणाऱ्या प्रत्येक कलावंताला, मग तो मुंबईचा कवी असो की वाडीवरची धवलारीण, आधी ठरवून मानधन द्यावं आणि पत्रिकेत सगळ्यांची नावं सारख्या अक्षरात छापावीत. बायकांचे कार्यक्रम दिवसाउजेडी व्हावेत, रात्रीचा असेल तर घरी सोडायची गाडी संमेलनाने करावी. आणि जमाखर्चाचा कागद संमेलनानंतर महिन्याच्या आत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा.

अध्यक्षाने ठराव मांडू नये असा नियम कोणी दाखवणार असेल, तर मी ही खुर्ची सोडून तिथे समोर, तुमच्यात येऊन मांडते. सूचक मी आहे. अनुमोदकाने उभं राहावं. मग ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करावेत, आणि सचिवांनी ते नीट मोजून आजच्या इतिवृत्तात लिहावेत, बायांचे किती आणि बाप्यांचे किती.