लांब पल्ल्याची मोटारसायकल टिकते कशामुळे?

लांबच्या प्रवासाची मोटारसायकल किती टिकेल हे तिच्या झगमगाटावरून कळत नाही; इंजिनावर ताण किती येतो आणि बिघडलेल्या भागापर्यंत हात पोचतो का, यावरून ते ठरते. होंडाची गोल्ड विंग पाहा. 1975 साली ती आली तेव्हा तिचे इंजिन 999 सीसीचे, आडव्या चार सिलिंडरांचे होते, आणि मागचे चाक चेनऐवजी शाफ्टने फिरत होते. 1988 साली सिलिंडर सहा झाले. भाग वाढले म्हणजे बिघाडही वाढणार, असा आक्षेप घेतला जातो. पण मोठे इंजिन महामार्गावर संथ फेऱ्यांत, ताकदीच्या थोड्याच अंशावर चालते, त्यामुळे झीज कमी होते.

खरी गोम मांडणीत आहे. चार सिलिंडरांच्या गाड्यांत वीज तयार करणारा स्टेटर इंजिनाच्या मागच्या अंगाला, आत होता. तो जळला की अख्खे इंजिन उतरवावे लागे. सहा सिलिंडरांच्या गाडीत हेच काम करणारा अल्टरनेटर बाहेरून काढता येऊ लागला. माझ्या मते ही सुधारणा दोन वाढीव सिलिंडरांहून मोलाची. अर्थात नाव मोठे म्हणून गाडी निर्दोष, असे नव्हे: 2001 साली आलेल्या 1832 सीसीच्या गाडीत चौकटीच्या वेल्डिंगमध्ये दोष निघाला आणि कंपनीला गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. म्हणूनच 2001 पूर्वीची जुनी गोल्ड विंग घेताना केवळ किलोमीटर पाहू नयेत, टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची वेळ राखणारे रबरी पट्टे) कधी बदलले याची नोंद मागावी. उभ्या गाडीतले रबरही जुने होते, आणि बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.