चौघांतील एकासाठी एक तपासणी

घरातल्या मोठ्या माणसाला तीव्र ल्युकेमिया निघाला की नातेवाईक दोन गोष्टींमागे धावतात: रक्तदाते आणि पैसा. त्या धावपळीत एक तपासणी राहून जाऊ नये, म्हणून आज तिच्याविषयी बोलतो.

1960 साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना ल्युकेमियाच्या पेशींत एक फार आखूड गुणसूत्र दिसलं. पुढे ते त्या शहराच्याच नावानं ओळखलं जाऊ लागलं. ते आखूड का, याचा उलगडा 1973 साली शिकागोच्या जॅनेट राउली यांनी केला. नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे तुटून एकमेकांच्या जागी बसलेले असतात. त्यातून बीसीआर-एबीएल हे जोडजनुक तयार होतं, आणि त्याचं प्रथिन पेशीला थांबूच देत नाही.

सीएमएल या सावकाश वाढणाऱ्या ल्युकेमियात हा बदल जवळजवळ प्रत्येक रुग्णात असतो. एएलएल या तीव्र प्रकारात मात्र वयाप्रमाणे चित्र पालटतं. लहान मुलांत तो 100 पैकी 3 ते 5 जणांत सापडतो, प्रौढांत सुमारे 25 जणांत, म्हणजे चौघांत एकाला. पन्नाशीनंतर हे प्रमाण आणखी चढतं. हा दोष आनुवंशिक नाही. तो त्या माणसाच्या अस्थिमज्जेत, जन्मानंतर केव्हातरी घडतो. तेव्हा आईवडिलांनी स्वतःला दोष देऊ नये, आणि मुलाबाळांकडेही धास्तीनं पाहू नये.

एकेकाळी हा बदल आढळणं ही फार वाईट बातमी होती. नुसत्या केमोवर आजार पुन्हा उलटायचा. 2001 साली अमेरिकेत मंजुरी मिळालेल्या इमॅटिनिबनं हे बदललं. ही गोळी नेमकं तेच प्रथिन रोखते. केमोला तिची किंवा तिच्यानंतर आलेल्या डॅसॅटिनिबसारख्या गोळीची जोड मिळाली की रुग्णाची आशा खरोखर वाढते. भारतात सर्वोच्च न्यायालयानं 1 एप्रिल 2013 रोजी इमॅटिनिबच्या पेटंटचा दावा फेटाळला, त्यामुळे इथल्या कंपन्यांची स्वस्त गोळी मिळत राहिली. मला तो निकाल फार मोलाचा वाटतो.

पण दोष कळलाच नाही, तर गोळी सुरू कोण करणार? म्हणून एएलएलचं निदान होताच डॉक्टरांना विचारा, ‘बीसीआर-एबीएलची तपासणी पाठवली का? रिपोर्ट केव्हा येईल?’ विचारताना संकोच करू नका.