बातमीचे मोल कोणाच्या पदरात? शोधयंत्रे, वृत्तपत्रे आणि स्वामित्वहक्क

(भिलाई येथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी भाषक विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



चालू घडामोडींच्या अभ्यासासाठी आपण रोज शोधयंत्रावर एखादा शब्द टाकता. क्षणार्धात मथळे आणि त्यांखाली दोन-तीन ओळींचे उतारे समोर येतात. पुष्कळदा तेवढ्यावरच काम भागते आणि मूळ वृत्तपत्राच्या संकेतस्थळापर्यंत जाण्याची गरज उरत नाही. आपला वेळ वाचतो. परंतु ज्याने ती बातमी मिळवली, त्याच्या पदरात काय पडते? गेली वीस वर्षे जगभरातील न्यायालये आणि कायदेमंडळे या प्रश्नाशी झुंजत आहेत.

बातमीचे अर्थशास्त्र

भिलाईत हा प्रश्न समजावून सांगणे सोपे आहे. येथील पोलाद कारखान्यात आणखी एक टन रूळ तयार करायचे, तर त्या प्रमाणात लोहखनिज, कोळसा आणि श्रम लागतातच. बातमीचे तसे नाही. गोंदिया किंवा राजनांदगावच्या वार्ताहराने दिवसभर पायपीट करून बातमी मिळवली, संपादकाने ती पडताळली, की सगळा खर्च पहिल्या प्रतीतच होऊन जातो. दुसरी प्रत काढण्यास जवळपास काहीच लागत नाही. अशा वस्तूची किंमत बाजारावर सोडली तर ती शून्याकडे घसरते आणि पहिल्या प्रतीचा खर्च करण्यास कोणी पुढे येत नाही. स्वामित्वहक्क अर्थात कॉपीराइट या व्यवस्थेचे आर्थिक समर्थन यातच आहे.

कायदा काय सांगतो?

मात्र हा हक्क घटनेवर नसतो, तिच्या मांडणीवर असतो. बर्न करारातही दैनंदिन बातम्या आणि निव्वळ माहितीवजा तपशील संरक्षणाबाहेर ठेवले आहेत. कल्पना, विषय आणि ऐतिहासिक तथ्ये यांवर स्वामित्वहक्क नसतो, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद प्रकरणात १९७८ मध्ये स्पष्ट केले. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या डिसेंबर २००७ च्या निकालात, केवळ श्रम आणि पैसा खर्च झाला म्हणून हक्क मिळत नाही, त्यात कौशल्य व निर्णयबुद्धीचा काही अंश हवा, असे न्यायालयाने म्हटले. वृत्तपत्रांची अडचण येथेच आहे. त्यांचा मोठा खर्च तथ्य शोधण्यावर होतो, तर कायदा संरक्षण देतो ते शब्दांना.

भारतीय स्वामित्वहक्क कायदा, १९५७ च्या कलम ५२ नुसार चालू घडामोडींच्या वृत्तांकनासाठी केलेला रास्त वापर हा भंग ठरत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने याच कलमात आणखी दोन अपवाद आले. पारेषणाच्या तांत्रिक प्रक्रियेत आपोआप होणारी तात्पुरती साठवण हा एक. दुवा किंवा प्रवेश पुरवण्यासाठी होणारी अशी साठवण हा दुसरा. परंतु हक्कधारकाने स्पष्ट मनाई केलेली नसावी, ही त्याची अट आहे. लेखी तक्रार आल्यास अशी सेवा देणाऱ्याने २१ दिवस प्रवेश थांबवावा आणि त्या मुदतीत न्यायालयाचा आदेश न आल्यास तो पुन्हा सुरू करता येतो. ‘तात्पुरती’ म्हणजे किती काळ, हा यातील कळीचा मुद्दा होय.

बेल्जियमचा धडा

या वादाचे सर्वात बोलके उदाहरण बेल्जियमचे आहे. तेथील फ्रेंच व जर्मन भाषेतील दैनिकांच्या वतीने कोपिप्रेस या संस्थेने २००६ मध्ये गूगलविरुद्ध दाद मागितली. वृत्तपत्रे जुने लेख सशुल्क संग्रहात हलवत, तरी शोधयंत्राने साठवलेली प्रत वाचकांना विनामूल्य मिळत राही. फेब्रुवारी २००७ मध्ये ब्रुसेल्सच्या न्यायालयाने वृत्तपत्रांच्या बाजूने निकाल दिला आणि २०११ मध्ये तो अपिलातही कायम राहिला. त्यानंतर गूगलने ही दैनिके आपल्या शोधातूनच वगळली. काही दिवसांतच दैनिकांनी पुन्हा समावेशास संमती दिली आणि डिसेंबर २०१२ मध्ये तडजोड झाली.

खटला जिंकूनही वृत्तपत्रे हरली, ती का? नकार देण्याचा हक्क त्यांच्याकडे होता. पण तो वापरणे परवडणारे नव्हते. स्पेनने २०१४ मध्ये मोबदला सक्तीचा केला, तेव्हा गूगलने तेथील वृत्तसेवाच बंद केली. कायदा बदलल्यावर २०२२ मध्ये ती परतली. मधल्या काळात लहान प्रकाशनांना अधिक झळ बसल्याचे अभ्यासांत आढळले. म्हणून ऑस्ट्रेलियाने २०२१ मध्ये स्वामित्वहक्काऐवजी वाटाघाटीचा मार्ग धरला आणि कराराला नकार देणाऱ्या कंपनीवर लवादाची टांगती तलवार ठेवली.

भारतासमोरील प्रश्न

आपल्याकडेही हा वाद प्रथम स्पर्धा कायद्याखाली उभा राहिला. डिजिटल वृत्त प्रकाशकांच्या संघटनेच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने ७ जानेवारी २०२२ रोजी गूगलविरुद्ध चौकशीचा आदेश दिला. नोव्हेंबर २०२४ मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेने ओपनएआय कंपनीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला. मजकुराची साठवण, उत्तरांसाठी त्याचा वापर, रास्त वापराचा बचाव आणि भारतीय न्यायालयाचे अधिकारक्षेत्र असे चार मुद्दे त्यात निश्चित झाले. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या उद्योग संवर्धन आणि अंतर्गत व्यापार विभागाने प्रसिद्ध केलेल्या कार्यपत्रात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी सक्तीचा परवाना आणि हक्कधारकांना मोबदला, अशी सूचना आहे.

शोधयंत्रांची बाजूही दुर्लक्षिता येणार नाही. ती वृत्तपत्रांना विनामूल्य वाचक मिळवून देतात आणि मजकूर वगळण्याची तांत्रिक सोयही देतात. जोवर उतारा वाचकाला मूळ पानाकडे नेतो, तोवर हा सौदा दोघांच्या हिताचा असतो. उताराच जेव्हा पूर्ण उत्तर होऊन बसतो, तेव्हा तो मोडतो. भारतात २०२४ पासून शोधाच्या माथ्यावर यंत्रनिर्मित सारांश दिसू लागल्याने ही शक्यता वाढली आहे.

माझ्या मते, कोणत्याही नव्या व्यवस्थेला एकच कसोटी लावावी : बातमीच्या पहिल्या प्रतीचा खर्च करणाऱ्यापर्यंत पैसा पोहोचतो का? मोठ्या शहरांतील मोजक्या समूहांशी करार होऊन जिल्हा वृत्तपत्रे वगळली गेली, तर कायदा पाळला जाईल, पण हेतू फसेल. ग्रामसभा, बाजार समिती किंवा जिल्हा रुग्णालयाची बातमी देणारा वार्ताहर उठून गेला, की तिची जागा कोणतेही शोधयंत्र घेऊ शकत नाही. जे लिहिलेच गेले नाही, ते शोधून सापडणार कसे?

परीक्षेत या विषयावर प्रश्न आला, तर केवळ कलमांची यादी देऊ नका. स्वामित्वहक्क, स्पर्धा धोरण आणि नागरिकाचा माहितीचा अधिकार या तिन्हींचा तोल कसा साधावा, हे मांडा. आणि उद्या सकाळी एखादा उतारा उपयोगी वाटला, तर त्याखालील दुवा उघडून मूळ बातमीही वाचा. अभ्यास पक्का होईल आणि ती बातमी मिळवणाऱ्याच्या कष्टांची नोंदही होईल.